शिक्का दौंडला, पाणी खराडीला

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी मेसेज केले की लिहिलेलं पण टाकत जा, बसमध्ये रेंज जाते. म्हणून हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथं अडखळलो ते काढलंय, बाकी जसंच्या तसं आहे.

सुरुवात घरापासून करतो, कारण हा विषय मला घरातूनच मिळाला. गेल्या दिवाळीनंतर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, व्हॉट्सॲपवर आमच्या वावराचा सातबारा पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, "हे कसं काढायचं बघ." आमचं गाव दौंड तालुक्यात, राहू बेटाच्या अंगाला, भीमेच्या काठावर. पलीकडं शिरूर तालुका, तिथं माझं आजोळ. आजोबा गेल्यावर अण्णांना आणि माझ्या तीन चुलत्यांना खातेफोड करायची होती. चौघांचे चार वेगळे उतारे झाले की ज्याला कर्ज काढायचंय तो काढेल, ज्याला पाईपलाईन करायचीय तो करेल. साधं काम. ते अडलं होतं एका चौकटीत. सातबाऱ्यावर उजवीकडं 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. त्यात लिहिलं होतं: पुनर्वसनासाठी राखीव.

मी सॉफ्टवेअरवाला. मला पहिल्यांदा वाटलं ही डेटा एन्ट्रीची चूक असणार. आमच्या घरात कुणाचंच पुनर्वसन झालेलं नाही. आम्ही मूळचे इथलेच. मग आमच्या सातबाऱ्यावर पुनर्वसन आलं कुठून?

अण्णांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, "आरं, आपलं नाय. दुसऱ्याचं. आपल्या जमिनीत दुसऱ्याला बसवायचं व्हतं."

आजचा भाग या एका वाक्यावर आहे.

जरा मागं जाऊ. पुणे जिल्ह्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पश्चिमेला सह्याद्री: मावळ, मुळशी, वेल्हे (आताचा राजगड तालुका), खेड आणि आंबेगावचा वरचा भाग. तिथं पावसाळ्यात आभाळ फाटतं. भात, नाचणी, वरई. पूर्वेला शिरूर, दौंड, इंदापूर, बारामती. आमच्याकडं वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही मूड असेल तर. म्हणून गेल्या शंभर वर्षांत जिल्ह्याचा सगळा कारभार एकाच दिशेनं चाललाय: पश्चिमेला धरण बांधायचं आणि पाणी पूर्वेला आणायचं. पाण्याबरोबर माणसंही पूर्वेला आली, हे मात्र शाळेच्या भूगोलात नव्हतं.

सुरुवातीला तर माणसांना कुठं न्यायचं हा प्रश्नच सरकारनं धरला नव्हता. मुळशीचं धरण घ्या. टाटा कंपनीला वीज तयार करायची होती, सरकारनं १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं जमीन घेऊन दिली. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस, त्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यात 'सेनापती' झाले. धरणाविरुद्धचा जगातला हा अगदी सुरुवातीचा संघटित लढा मानतात. हरला तो. १८९४ च्या कायद्यात फक्त नुकसानभरपाईची भाषा होती. कलम ४ची अधिसूचना, कलम ६ची घोषणा, मग निवाडा, मग पैसे. माणूस पैसे घेऊन कुठं जाईल, हे त्या कायद्याच्या कक्षेतच नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर धरणांचा वेग वाढला. कोयना झालं. आपल्या जिल्ह्यात पानशेत आलं. पानशेत म्हटलं की सगळ्यांना १२ जुलै १९६१ आठवतो, धरण फुटलं आणि पुणं बुडालं. पुण्यातल्या पुरावर पुस्तकं आहेत, लेख आहेत, दर जुलैला पोस्टी फिरतात. पण धरण फुटायच्या आधी त्याच्या पोटात जी गावं गेली, त्यांची पोस्ट मी तरी पाहिलेली नाही. पानशेत पुन्हा बांधलं, शेजारी मोसे खोऱ्यात वरसगाव बांधलं. हे पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून उजव्या कालव्यानं हवेली, दौंड, इंदापूरला जातं. आणि त्या खोऱ्यातली बरीच कुटुंबं कालव्याच्या मागोमाग दौंडला आली.

माझ्या वर्गात असा एक जण होता. त्याचं घर गावाबाहेर, 'वसाहती'त. सरळ रेषेत आखलेले प्लॉट, मध्ये रुंद रस्ता, एक समाजमंदिर. आम्ही त्यांना सरसकट 'धरणग्रस्त' म्हणायचो, जणू ती एखादी जातच आहे. त्यांच्या बोलीत मावळी हेल होता आणि आम्ही त्यावरून चिडवायचो. आज आठवलं की लाज वाटते. त्याची आज्जी वेल्ह्याच्या खोऱ्यातली. या भागासाठी मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती धरणाबद्दल फारसं बोललीच नाही. बोलली ती भाताबद्दल. आमची काळी जमीन बघून तिचा नवरा पहिल्या वर्षी म्हणे गोंधळून गेला होता. उन्हाळ्यात एवढाल्या भेगा पडणारी माती त्यानं पाहिलीच नव्हती, औत कधी घालायचं तेच कळेना. डोंगरात पाणी अडवायचं नसतं, वाट करून द्यायची असते. इथं थेंबासाठी पाटकऱ्याच्या पाया पडायचं. जमिनीच्या बदल्यात जमीन दिली असं कागदावर लिहिता येतं, पण त्या माणसाला चाळिशीत शेती नव्यानं शिकावी लागली, याचा रकाना कुठल्याच नमुन्यात नाही.

आता कायद्याकडं येतो, कारण आमचा शिक्का तिथं जन्मला.

साठ-सत्तरच्या दशकात दत्ता देशमुख, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी धरणग्रस्तांना संघटित केलं. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा त्या चळवळीतली. त्या रेट्यातून महाराष्ट्रानं १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. पुढं तो बदलून १९८६ चा आला, मग १९९९ चा. तपशील बदलत गेले, पण गाभ्यातली कल्पना एकच राहिली आणि ती कल्पना, प्रामाणिकपणे सांगतो, मला सुंदर वाटते. कल्पना अशी: धरणामुळं गावांचे दोन गट पडतात. ज्यांचं बुडतं ते बाधित क्षेत्र. ज्यांचं भिजतं ते लाभक्षेत्र. ज्याला पाणी मिळणार त्यानं आपल्या जमिनीतला थोडा तुकडा, ज्याचं बुडालं त्याला द्यायचा. कोरडवाहू दहा एकरांपेक्षा बागायती आठ एकर केव्हाही बरे, म्हणजे देणाऱ्याचंही नुकसान नाही. सरकार मध्ये उभं राहून इकडची जमीन तिकडं करणार.

कुणी किती द्यायची? त्यासाठी 'स्लॅब'. ठरावीक एकरापर्यंत ज्याची जमीन त्याला धक्का नाही, त्याच्या वर असेल तर वरच्या हिशेबानं कपात. आमच्याकडं कट्ट्यावर बसलेली माणसं "आठ एकराचा स्लॅब", "चार एकराचा स्लॅब" असं क्रिकेटच्या स्कोअरसारखं बोलतात.

आता इथं कोडरचं डोकं चालवा. नियम खात्यावर लागतो, माणसावर नाही. समजा स्लॅब आठ एकराचा आहे आणि एका म्हाताऱ्याच्या नावावर बारा एकर आहेत. त्याला चार मुलगे. खातं एकच असेल तर तो स्लॅबच्या वर, जमीन जाणार. पण त्यानं आदल्या वर्षी खातेफोड केली असेल तर चौघांचे तीन-तीन एकर, सगळे स्लॅबच्या खाली, एक गुंठाही जाणार नाही. म्हणजे लोक काय करणार? धरणाची कुणकुण लागली की वाटण्या. कायदा लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून त्यांनी आधीच कुलूप घातलं: लाभक्षेत्राची अधिसूचना निघाली की त्या गावांत जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही, वाटप नाही, जमिनीचा वापर बदलणं नाही. आणि हे सगळ्यांना कळावं म्हणून 'इतर हक्क' रकान्यात शेरा.

डेटाबेसमध्ये आम्ही हेच करतो. एखादा मोठा व्यवहार चालू असताना त्या ओळीला लॉक लावतो, मध्येच कुणी बदल करू नये म्हणून. व्यवहार झाला की लॉक सुटतो. झाला नाही, फसला, तरीही सुटतो. सुटलाच पाहिजे, नाहीतर रात्री दोनला मला फोन येतो. आमच्या सातबाऱ्यावरचा फेरफार साधारण माझ्या जन्माच्या वेळचा आहे. मी आता अठ्ठावीस वर्षांचा. लॉक अजून तसाच आहे.

का, ते कळायला भामा-आसखेडची गोष्ट सांगावी लागते.

खेड तालुक्यात भामा नावाची नदी आहे, पुढं भीमेला मिळते. करंजविहिऱ्याजवळ तिच्यावर भामा-आसखेड धरण. आठ टीएमसीच्या आसपासचं, म्हणजे उजनीसमोर पिल्लूच. मूळ आराखडा शेतीचा: धरणातून कालवे निघणार आणि पूर्वेकडची जमीन भिजणार. म्हणून लाभक्षेत्र आलं थेट दौंडपर्यंत. म्हणून शेरे आले. म्हणून खेडच्या बुडालेल्या शेतकऱ्याला पर्यायी जमीन दौंडमध्ये द्यायची ठरली. इथपर्यंत सगळं कायद्याच्या त्या सुंदर कल्पनेप्रमाणं.

मग धरण भरलं. कालवे अर्धवट राहिले. दरम्यान पुणं नगर रस्त्यानं फुगत गेलं. विमाननगर, वडगाव शेरी, खराडी. महापालिकेनं भामा-आसखेडचं पाणी मागितलं, मिळालं, पाईपलाईन टाकली. धरणग्रस्तांनी वर्षानुवर्षं काम अडवलं: आधी आमचं पुनर्वसन करा, मग पाणी न्या. मोर्चे झाले, पोलीस बंदोबस्तात काम झालं. १ जानेवारी २०२१ ला योजनेचं उद्घाटन झालं. दिवसाला २०० एमएलडी, म्हणजे वीस कोटी लिटर क्षमता. पुढं कालवेच रद्द करायचं ठरलं, कारण कालव्यात सोडायला पाणी उरलं कुठं?

आता तीन माणसं समोरासमोर उभी करा.

एक, खेडचा शेतकरी. त्याची जमीन पाण्याखाली. त्याला दौंडमध्ये जमीन हवी असेल तर मिळालेल्या भरपाईतली ६५ टक्के रक्कम सरकारकडं परत भरायची, हा नियम. त्यासाठी आधी '१६/२' ची नोटीस यायला पाहिजे. गावाकडची भाषा बघा, कलमाचा नंबर हेच नाव झालंय. कित्येकांना ही नोटीसच मिळाली नाही, त्यामुळं त्यांनी रक्कम भरली नाही. मग पुढं त्यांनाच विचारणा, की तुम्ही रक्कम का भरली नाहीत? ज्यांनी भरली त्यांचा हक्क कोर्टानं मानला, बाकीचे अधांतरी. पैसे आले तेव्हा म्हणजे घर बांधलं गेलं, पोरीचं लग्न झालं. ६५ टक्के कोण बाजूला काढून ठेवतो?

दोन, दौंडचा शेतकरी, उदाहरणार्थ माझे वडील. कायद्याच्या भाषेत ते 'लाभधारक'. कसला लाभ? कालवा आलाच नाही. आमचं वावर भिजतं ते भीमेवरच्या उपशानं, स्वतःच्या मोटारीनं, स्वतःच्या वीजबिलानं. अण्णांचं म्हणणं असं की पाणी दिलं असतं तर जमीन दिली असती. आणि म्हणून खेडचे लोक मोजणीदार घेऊन दौंडच्या गावांत आले तेव्हा गावांनी त्यांना विरोध केला. दोन्ही बाजूंना शेतकरी, दोघांच्याही हातात सरकारी कागद, दोन्ही कागद खरे.

तीन, मी.

मी खराडीत राहतो. भाड्यानं, टू बीएचके, तिघांत. ऑफिस चालत वीस मिनिटांवर. सकाळी नळाला येतं ते पाणी भामा-आसखेडचं. हे मला हा भाग तयार करेपर्यंत माहीत नव्हतं. ज्या धरणापायी माझ्या बापाचा सातबारा अडकलाय त्याच धरणाच्या पाण्यानं मी दात घासतो. म्हणजे आमच्या घरात लाभधारक आहे, फक्त सरकारनं चुकीच्या माणसावर शिक्का मारलाय. खरं लाभक्षेत्र सरकलं, ते दौंडहून खराडीला आलं. पण शहराला स्लॅब नसतो. आमच्या सोसायटीच्या इंडेक्स टूवर कुणी 'पुनर्वसनासाठी राखीव' लिहिलेलं नाही. आठ मजल्यांतला एक मजला धरणग्रस्ताला, असं म्हणून बघा मीटिंगमध्ये! हसू येतं ना? दौंडच्या शेतकऱ्याला आठ एकरांतला एक एकर मागताना मात्र कुणाला हसू आलं नव्हतं.

इथं थोडं देशाबाहेर जातो. आमच्या कंपनीचा क्लायंट अमेरिकेत ॲरिझोनात आहे. त्यांच्याबद्दल वाचता वाचता मी एका सरकारी कार्यालयापर्यंत पोहोचलो, ज्याचं काम फक्त पुनर्वसन होतं. नवाहो आणि होपी या तिथल्या दोन आदिवासी जमाती. १८८२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नकाशावर एक चौकोन आखून सुमारे २५ लाख एकर जमीन होपींसाठी आणि सरकार जिथं बसवेल त्या इतर आदिवासींसाठी राखून ठेवली. त्यात नवाहो कुटुंबंही राहत होती, पुढं त्यांची वस्ती वाढली. १९६२ मध्ये कोर्ट म्हणालं, यातल्या मोठ्या भागावर दोघांचाही समान हक्क. डिसेंबर १९७४ मध्ये काँग्रेसनं कायदा केला: जमीन अर्धी अर्धी वाटायची आणि चुकीच्या बाजूला राहणाऱ्यांना हलवायचं. होपी शंभरच्या आसपास, नवाहो दहा हजारांहून जास्त. अंदाज होता सुमारे चार कोटी डॉलर आणि मुदत जुलै १९८६. प्रत्यक्षात खर्च पन्नास कोटींच्या वर गेला आणि कार्यालय नव्या शतकाची दोन दशकं उलटली तरी चालूच होतं.

वाचताना मला सारखं आपलंच काहीतरी वाचतोय असं वाटत होतं. पात्र कोण? तर २२ डिसेंबर १९७४ या तारखेला जो तिथं राहत होता तो. त्या दिवशी कुणी कामाला बाहेरगावी असेल, शाळेच्या होस्टेलला असेल, तर सिद्ध करत बसा. आपल्याकडं अधिसूचनेच्या तारखेला मुलगा सज्ञान होता का, यावरून जे रण माजतं तेच. ज्यांना शहरात घरं दिली त्यांना घरपट्टी, कर्ज, बिलं यांची सवय नव्हती. मेंढ्या पाळणारी माणसं ती. अनेकांची घरं काही वर्षांत हातची गेली. आपल्या वसाहतीत जमीन कवडीमोलानं विकून मजुरीला लागलेले कमी आहेत का? पुढं तिकडं सरकारनं नवी जमीन घेतली, ती सँडर्स गावाजवळ, प्वेर्को नदीच्या काठी. याच नदीत १९७९ मध्ये वरच्या बाजूला युरेनियमच्या खाणीचा बांध फुटून किरणोत्सारी पाणी आलं होतं.

पण मला खुर्चीवरून उठवलं ते 'बेनेट फ्रीझ'नं. त्याच दोन जमातींच्या दुसऱ्या एका जमिनीच्या वादात १९६६ मध्ये बेनेट नावाच्या आयुक्तानं हुकूम काढला: वाद मिटेपर्यंत या सुमारे १५ लाख एकरांत दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय काही बांधायचं नाही. नवं घर नाही, वीज नाही, नळ नाही, गळकं छप्पर दुरुस्त करायलाही परवानगी. तात्पुरता हुकूम होता. तो कायद्यानं पूर्णपणे उठला २००९ मध्ये. त्रेचाळीस वर्षं! त्यात जन्मलेली माणसं आजी-आजोबा झाली.

लॉक सुटला नाही, तीच गोष्ट. फरक एवढाच की त्यांच्याकडं निदान एका कार्यालयाच्या दारावर नाव होतं. जाऊन भांडता येत होतं. आपल्याकडं धरण जलसंपदाचं, जमीन महसूलची, पुनर्वसनाचा अधिकारी कलेक्टर कचेरीत, पाणी महापालिकेचं. मी एका कचेरीत गेलो (नाव सांगत नाही, सगळीकडं हेच ऐकलंय) तर म्हणाले, शेरा आम्ही मारला पण प्रस्ताव त्यांचा होता, त्यांच्याकडून पत्र आणा. तिकडं गेलो तर म्हणाले, आमचा प्रकल्प पूर्ण झाला, आता आमचा संबंध नाही.

डिंभ्याचा उल्लेख केल्याशिवाय शिरूरची बाजू पुरी होत नाही. घोड नदीवरचं डिंभे धरण, हुतात्मा बाबू गेनू सागर. आंबेगाव तालुका ज्या आंबेगावच्या नावानं ओळखला जातो ते मूळ गावच या धरणात गेलं. आज तालुक्याला नाव आहे, गाव नाही. वरच्या खोऱ्यात महादेव कोळी समाज. पूर्वेला, सपाटीवर येऊन बसायचं म्हटल्यावर बऱ्याच कुटुंबांनी सरळ नकार दिला. ते पाण्यापासून वर सरकले, डोंगराच्या उतारावर. कागदोपत्री ती गावं उठली, प्रत्यक्षात माणसं तिथंच. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेबरोबर त्यांनी पडकई, म्हणजे उतारावर बांध घालून खाचरं काढायची जुनी पद्धत, पुन्हा चालवली. पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळावर पेरणी केली, जलाशयातल्या मासेमारीचा हक्क स्वतःच्या सहकारी सोसायटीकडं घेतला. २०१२ मध्ये 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. तिकडं बिग माउंटनवरच्या काही नवाहो कुटुंबांनीही असंच हलायला नकार दिला होता. १९९६ च्या करारानं त्यांना पंचाहत्तर वर्षांच्या भाडेपट्ट्यानं स्वतःच्याच घरात राहू दिलं.

शिरूरमध्ये आणखी एक थर आहे, चासकमानचा. भीमेवर, राजगुरुनगरच्या वर. तिथले धरणग्रस्त शिरूरला आले, आणि चासकमानचा कालवा शिरूरला खरोखर आला. माझे मामा त्या पाण्यावर ऊस घेतात. त्यांच्या शेजारी धरणग्रस्तांचं वावर आहे, दोघांची बांधावरून वर्षातून एकदा तरी भांडणं होतात आणि दोघं एकाच टँकरनं औषध मारतात. म्हणजे कल्पना चालू शकते. पाणी आलं तर चालते.

माझ्या त्या वसाहतीतल्या मित्राकडं परत येतो. तो आता कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला आहे. मी माझा सातबारा त्याला दाखवला तेव्हा त्यानं मोबाईल काढून त्याचा दाखवला. त्याच्यावर 'भोगवटादार वर्ग २'. म्हणजे जमीन सरकारनं दिलेली, परवानगीशिवाय विकता येत नाही. अर्धशतक कसतायत, आज्जीनं काळ्या मातीत भाताच्या जागी ज्वारी, मग ऊस करायला शिकून दोन पिढ्या झाल्या, पण कागदावर अजून 'दिलेली' जमीन. त्याला ती वर्ग १ करून घ्यायचीय. प्रकल्पग्रस्ताचा दाखला आहे घरात, पाच टक्के आरक्षणासाठी. पण तो एकाच्याच नावावर चालतो आणि घरात भाऊ तीन. तो दाखला कुणी वापरायचा यावरून त्यांच्यात दोन वर्षं बोलणं बंद होतं.

मी त्याला विचारलं, आमची जमीन तुमच्यासारख्यांसाठीच राखीव आहे, तर शेरा काढायला मी धावपळ करतोय याचा तुला राग येत नाही का? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुझी जमीन मिळाली असती ना खेडवाल्याला, तर आला असता राग. मिळतच नाय कुणाला."

या सोमवारी मी सुट्टी टाकली. तो सेकंड शिफ्टला होता, म्हणून सकाळी मोकळा. त्याच्याच गाडीवर दोघं कचेरीत गेलो. माझी फाईल शेरा कमी करण्याची, त्याची वर्ग बदलाची. टेबल एकच निघालं. साहेब मोजणीला गेले होते. आवक विभागातल्या बाईंनी दोन्ही अर्ज घेतले, शिक्के मारले, लागोपाठचे दोन आवक क्रमांक लिहून दिले आणि सांगितलं, पंधरा दिवसांनी या. बाहेर चहा घेतला. त्यानं अण्णांसाठी वसाहतीतल्या परसातल्या शेवग्याच्या शेंगा दिल्या होत्या, त्या मी डिकीत विसरलो, ते खराडीला पोचल्यावर लक्षात आलं.